बेडकं बघायला हेडटॉर्च घ्यायचाय? लुमेन नंतर बघा, आधी सगळ्यात मंद मोड बघा

पाचपैकी चार स्टार. ह्या हेडटॉर्चला वरती जेवढे रिव्ह्यू आलेत ते बहुतेक ट्रेकवाल्यांचे नाहीतर रात्रीची लाईट आल्यावर मोटर चालू करायला शेतात जाणाऱ्यांचे आहेत, आणि सगळे एकच विचारायलेत की उजेड किती लांब जातो. लांब जातो, लई लांब जातो, त्याची काळजी करू नका. पण माझं काम वेगळंय म्हणून वेगळा रिव्ह्यू लिहिते. मी अंबाजोगाईला ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते आणि पावसाळ्यात लेकरांना घेऊन रात्री बेडकं मोजायला जाते, बालाघाटाच्या माळावरची डबकी, पाझर तलावाची कड, रस्त्याकडंच्या चाऱ्या, एखादी जुनी बारव. ह्या कामाला हेडटॉर्च कसा लागतो हे दुकानदाराला विचारलं तर तो सगळ्यात जास्त लुमेनचा, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाचा, काढून देतो. बेडकासाठी हिशोब उलटा आहे.

खोक्यावर १००० लुमेन मोठ्या अक्षरात आहे, आणि एका कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलंय की सगळ्यात मंद मोड ५ लुमेनचा. मी टॉर्च घेतला तो त्या ५ साठी. कारण सांगते. माणसाच्या डोळ्यात अंधारात काम करणाऱ्या रॉड पेशी एकाच प्रकारच्या असतात, म्हणून अंधार पडला की आपल्याला वस्तू दिसते पण तिचा रंग कळत नाही. बेडकाच्या डोळ्यात रॉड पेशी दोन प्रकारच्या, वेगवेगळ्या रंगाच्या उजेडाला प्रतिसाद देणाऱ्या. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवलं की आपल्याला जिथं काहीच दिसत नाही इतक्या अंधारात बेडूक रंग ओळखू शकतो. आता असल्या डोळ्यावर आपण १००० लुमेन मारायचे? तो बेडूक जागेवर गप बसतो तेव्हा लेकरांना वाटतं की वा, किती शांत आहे, फोटो काढून घ्या. तो शांत नसतो हो, त्याला दिसायचं बंद झालेलं असतं. आणि उजेड गेल्यावर डोळे परत अंधाराला सरावायला बराच वेळ जातो, तेवढ्या वेळात त्याला ना किडा नीट दिसतो ना साप.

कॅनडात २००६ साली एक अभ्यास छापून आला, तिकडच्या ग्रीन फ्रॉगच्या नरांवर टॉर्चचा उजेड टाकून बघितलं तर त्यांचं ओरडणं कमी झालं आणि ते जागा जास्त बदलायला लागले. म्हणजे मादीला बोलवायच्या ऐन टायमाला तो गप झाला. आपल्याकडच्या बेडकांसाठी तर हे जास्तच मोठं नुकसान आहे कारण आपल्याकडं टायमच कमी असतो. मराठवाड्यात पावसाळ्याचे चार महिने मिळून पाऊस सरासरी ७०० मिलिमीटरच्या आत, तोही लागून पडत नाही, मृगात एक दणका आणि मग आठ-आठ पंधरा-पंधरा दिवस उघाड. बुलफ्रॉग म्हणजे आपला तो मोठा हिरवा-पिवळा बेडूक, बलून फ्रॉग, जमिनीत पुरून राहणारे बरोइंग फ्रॉग, हे सगळे पहिल्या मोठ्या पावसाला वर येतात आणि एक-दोन रात्रीतच मोठा कार्यक्रम उरकतात. ती रात्र त्यांची वाया गेली तर पुढचा तसला पाऊस कधी पडेल ह्याचा भरोसा नाही, त्यात डबकं आटायच्या आत बेडूकमाशाला पाय फुटून बाहेर निघायचंय. म्हणून आम्ही काठावर गेलो की आधी सगळे टॉर्च बंद करून नुसतं ऐकतो. कोण कुठून ओरडायलंय ते वहीत लिहितो, आणि मगच ५ लुमेनवर एकेकाजवळ जातो. बघितलं, लिहिलं, मान वळवली, पुढं निघालो. ह्या पद्धतीला हा टॉर्च एकदम फिट बसतो. एरवीच्या स्वस्तातल्या टॉर्चमध्ये मंद मोड म्हणजे शंभर-दीडशे लुमेन असतो, तो जवळून मंद नसतोच.

मंद मोडचीच अजून एक गोष्ट. बऱ्याच टॉर्चमध्ये उजेड कमी करायला एलईडी भराभर चालू-बंद करतात, डोळ्याला कळत नाही पण मोबाईलवर व्हिडिओ काढला की त्यात आडवे पट्टे सरकताना दिसतात. ह्यात तसं होत नाही. आवाजासहित व्हिडिओ आमच्यासाठी लई महत्त्वाचा असतो, का ते खाली सांगते.

कपाळावरच टॉर्च कशाला, हातातला काय वाईट, असं एका ताईनी खाली विचारलंय. ताई, बेडकाच्या डोळ्यात शिरलेला उजेड परत आल्या वाटेनंच माघारी येतो, त्यामुळं टॉर्च आपल्या डोळ्याच्या लगत असला तरच ती चमक आपल्याला दिसते. कमरेजवळ धरलेल्या टॉर्चनं ती तुमच्याकडं येतच नाही. म्हणून हेडटॉर्च, किंवा हातातला असंल तर गालाला टेकवून धरा. पहिल्यांदा जाल तेव्हा गवतात शेकडो ठिपके चमकताना दिसतील, ती सगळी बेडकं नाहीत, बहुतेक कोळी असतात, त्यांची चमक बारीक टाचणीच्या टोकासारखी असते. दोन-तीन रात्रीत डोळा बसतो.

आता रंगाबद्दल, कारण ह्या टॉर्चमध्ये दोन वेगळे एलईडी आहेत आणि हे मला सगळ्यात जास्त आवडलं. एक नेहमीचा पांढरा, निळसर झाक असलेला, लांबचं बघायला. दुसरा पिवळसर, आणि त्याचा सीआरआय कंपनीनं ९० सांगितलाय. सीआरआय म्हणजे त्या उजेडात वस्तूचे रंग किती खरे दिसतात त्याचं माप, १०० म्हणजे उन्हात दिसतात तसे. बुलफ्रॉगचा नर विणीच्या दिवसात लिंबासारखा पिवळाजर्द होतो आणि गालाखालच्या दोन्ही पिशव्या गडद निळ्या, मादी मात्र हिरवट-तपकिरीच राहते. निळसर एलईडीत ते पिवळेपण फिकट पडतं, ह्या पिवळ्या एलईडीत पोरांनी पहिल्यांदा बघितलं तेव्हा एकजण म्हणला, "मॅडम, ह्याला कुणी रंग लावला काय?" आपल्या अंगणात येणारा खरखरीत पाठीचा भेक असतो ना, त्याचे नरसुद्धा विणीच्या वेळी दिवस-दोन दिवसांपुरते पिवळे होतात. ते कशासाठी ह्याचा शोध ऑस्ट्रियात व्हिएन्नाच्या शॉनब्रुन झूमध्ये घेतला गेला, नकली बेडूक बनवून, काही पिवळे काही तपकिरी, आणि दिसलं असं की नर तपकिरी मॉडेलला जाऊन मिठी मारतात आणि पिवळ्याच्या नादी फारसं लागत नाहीत. म्हणजे पिवळा रंग बाकीच्या नरांना सांगतो की मी मादी नाही, माझ्यावर वेळ घालवू नको. एकाच रात्रीची गर्दी, ढकलाढकली, त्यात हा रंग कामाला येतो. आता जो रंग त्यांच्यासाठी इतका कामाचा आहे तो आपल्या टॉर्चमुळं आपल्याला दिसलाच नाही तर आपण कसली नोंद घेणार.

रंगानं सगळं भागतं असंही नाही. भाताच्या खाचरात, विहिरीच्या पाटात, उसाच्या सरीत जे छोटे तपकिरी क्रिकेट फ्रॉग असतात त्यांनी तर शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं फसवलंय. भारतभरातल्या असल्या बेडकांना आधी एकच नाव लावलं जायचं, ते नाव मुळात जावा बेटावरच्या बेडकाचं. पुढं आवाज तपासले, डीएनए तपासला, तेव्हा कळलं की ह्या एका नावाखाली कितीतरी वेगळ्या जाती लपल्यात. दोन बेडूक शेजारी ठेवले तर मला सुद्धा सांगता यायचं नाही, पण ओरडायला लागले की फरक कळतो. म्हणून व्हिडिओ, म्हणून आवाज, आणि म्हणून कुठल्याच नोंदीत आम्ही नुसत्या फोटोवर जात लिहित नाही, खात्री नसेल तर गटाचं नाव लिहून सोडतो. टिचभर सुद्धा नसलेला मायक्रोहायला नावाचा बेडूक मात्र पाठीवरच्या नक्षीवरून ओळखू येतो, पण तो गवताच्या बुडात बसून एवढ्या मोठ्यानं ओरडतो की लेकरं मोठा बेडूक शोधत त्याच्याच डोक्यावरून पुढं जातात. इथं पिवळ्या एलईडीचा पसरट झोत कामी येतो. एकाच गोल ठिपक्यात उजेड टाकणारा टॉर्च असला की दोन इंचाच्या पलीकडचं काही दिसत नाही.

लाल उजेडाचा मोड पण आहे. लाल उजेडाचा बेडकाला काहीच त्रास होत नाही असं ऑनलाईन लोक छातीठोक सांगतात, मी तसं सांगणार नाही. त्रास कमी होतो एवढंच धरून चाला. मी लाल उजेड वही लिहायला वापरते, त्यानं आपले स्वतःचे डोळे अंधाराला सरावलेले राहतात आणि शेजारच्या लेकराच्या तोंडावर उजेड पडत नाही. लाल उजेडात जात ओळखायला जाऊ नका, बुलफ्रॉगचा पिवळा आणि चिखलाचा तपकिरी सगळं एकसारखं दिसतं.

आता एक स्टार कामून कापला ते सांगते. टॉर्च बंद करून परत चालू केला की तो ज्या मोडवर बंद केला होता त्यावर चालू होत नाही, प्रत्येक वेळी ३०० लुमेनवरच सुरू होतो. मग बटण दाबत दाबत ५ वर यायचं. म्हणजे डबक्याच्या काठावर अंधारात दहा मिनिटं ऐकत बसायचं, सगळे नर रंगात येऊन ओरडायला लागले की बटण दाबायचं आणि भक्कन ३०० लुमेन, की झालं, सगळं तळं गप. आम्ही आता तळव्यानं काच झाकून चालू करतो, मंद मोडवर आलो की हात काढतो. जमतं, पण एवढ्या विचारानं दोन-दोन एलईडी दिलेल्या टॉर्चमध्ये हे असायला नको होतं.

जास्त उजेड लागतच नाही असं मात्र समजू नका. बांधावरून चालताना, गवतातून पाय टाकताना पांढरा मोड पूर्ण लावा. जिथं बेडूक तिथं साप येणारच, पाण्यात बहुतेक वेळा दिवड असतो, तो बिनविषारी, पण नाग, घोणस, मण्यार आपल्या भागात आहेतच आणि रात्री बाहेर असतात. गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालूनच जा. १००० लुमेन सलग पाच-सात मिनिटं ठेवला की टॉर्च गरम होतो आणि आपोआप कमी होतो, चालायला तेवढं पुरतं.

पाण्याचं म्हणाल तर खोक्यावर आयपीएक्स ७ आहे, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकायला पाहिजे. भर पावसात वापरला, नाल्यात पडला, काही झालं नाही. काळ्या रानाचा चिखल बटणाच्या खाचेत बसतो तेवढा ब्रशनं काढावा लागतो. चार्जिंगच्या तोंडाचं रबरी झाकण मात्र नीट दाबून बसवा, ते सैल वाटतं. आतमध्ये १८६५० ह्या साईजची बॅटरी आहे, बदलता येणारी, हे लई चांगलं केलंय, कारण पहिल्या मोठ्या पावसाच्या संध्याकाळी गावात लाईट जाणार म्हणजे जाणार आणि नेमकी तीच रात्र आपल्याला पाहिजे असते. एक जास्तीची बॅटरी चार्ज करून खिशात ठेवा. मंद मोडवर रात्रभर सहज चालतो. चार्जिंग टाइप-सी, मोबाईलच्याच वायरनं होतं.

बायांसाठी एक गोष्ट, जी कुठल्याच रिव्ह्यूत नाही. डोक्यावरून जाणारा मधला पट्टा अंबाड्यावर बसत नाही, वेणी खाली घातली तर बसतो. पट्टा काढता येतो पण मग टॉर्च पुढं झुकतो. वजन बॅटरीसकट शंभरेक ग्रॅम असेल, दोन तासानंतर कपाळावर जाणवतं.

पट्टा काढून धुता येतो हे मात्र आमच्यासाठी फक्त स्वच्छतेचं नाही. जगभरात बेडकांना मारणारी एक बुरशी आहे, कायट्रिड, ती बेडकाच्या कातडीवर वाढते. बेडूक कातडीतून श्वास घेतो, पाणी आणि क्षार कातडीतून आतबाहेर होतात, कातडी बिघडली की शेवटी हृदय बंद पडतं. ह्या बुरशीची शास्त्रीय ओळख १९९९ मध्ये पटली, आणि २०१९ च्या एका मोठ्या अभ्यासात ५०१ जाती तिच्यामुळं घटल्या आणि त्यातल्या ९० जगातून गेल्या असाव्यात असं मांडलं गेलं. पश्चिम घाटात तिची नोंद २०११ मध्ये झाली, परदेशातल्यासारखी बेडकं पटापट मेल्याचं आपल्याकडं दिसलेलं नाही, पण एका तळ्याचा चिखल दुसऱ्या तळ्यात नेऊन ठेवायचं काम आपण कशाला करायचं. ती बुरशी पूर्ण वाळल्यावर टिकत नाही. गमबूट, जाळी, टॉर्चचा पट्टा, सगळं घासून धुवायचं आणि उन्हात कडक वाळवायचं, मगच पुढच्या पाण्यावर. हा पट्टा अर्ध्या दिवसात वाळतो.

आमच्याकडं रात्री पाणी द्यायला आलेले एक काका बांधावर थांबून म्हणले, "ओ मॅडम, ह्या टायमाला लेकरं घेऊन काय शोधायलाव? काही हरवलंय का?" बेडकं मोजतोय म्हणल्यावर आधी त्यांना खरंच वाटंना, मग स्वतःच सांगायला लागले की त्यांच्या लहानपणी ह्याच ओढ्यात मोठी पिवळी बेडकं कशी असायची, पाऊस लांबला की पोरं धोंडी काढायची तेव्हा बेडूक लगेच सापडायचा, आणि आता सोयाबीनला फवारणी सुरू झाल्यापासून कमी वाटतात. काकांचं खरं असंल, नसंल, पण आधीचे आकडेच नाहीत तर पडताळणार कशाशी? मोठ्या बुलफ्रॉगचे पाय तर एकेकाळी भारतातून परदेशात जायचे, १९८७ मध्ये ती निर्यात बंद झाली, पण आपल्या तालुक्यात त्या आधी किती होते, नंतर किती झाले, हे कोण सांगणार.

सह्याद्रीतल्या बेडकांवर लोकांचं लक्ष आहे, आणि असायलाच पाहिजे, २००३ मध्ये प्रा. एस. डी. बिजू आणि बोसुइट ह्यांनी जमिनीत राहणारा जांभळा बेडूक नव्यानं नोंदवला तेव्हा जगभर बातमी झाली. जगातल्या उभयचरांपैकी जवळपास ४१ टक्के जाती धोक्यात आहेत असं २०२३ च्या जागतिक आढाव्यात आलंय. पण आपले बुलफ्रॉग, भेक, मायक्रोहायला हे सगळे धोका नसलेल्या यादीत बसतात, म्हणून त्यांच्याकडं कुणी बघत नाही. यादी जगाची असते, ओढा आपला असतो. प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात बेडूक पडला की त्या गुळगुळीत कडेवरून त्याला वर चढता येत नाही, पोहून पोहून दमून मरतो, हे आम्ही बघितलंय. एक जाड दोर नाहीतर गोणपाटाची पट्टी काठापासून पाण्यापर्यंत सोडली तर बेडकंच काय, सरडे, खारी पण बाहेर येतात. शेततळं असणाऱ्यांनी हे एवढं करा, खर्च काहीच नाही.

आणि मोजणी करणार असाल तर टॉर्चबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. दरवर्षी तोच टॉर्च आणि तोच मोड वापरा. ह्या वर्षी १०० लुमेननं बघितलं आणि पुढच्या वर्षी नवीन टॉर्च आणून ५०० लुमेननं, तर बेडकं तेवढीच असून तुम्हाला जास्त दिसतील, आणि तुम्ही वहीत लिहिणार की संख्या वाढली. आमच्या वहीत जागा, वेळ, पाऊस, तापमान ह्याच्याबरोबर टॉर्चचा मोड असा वेगळा रकाना आहे. म्हणूनच मी लगेच दोन पीस घेतले, एक वापरायला, एक बंद खोक्यात. मॉडेल बंद पडलं तर मोजणीचं सातत्य तुटायला नको.

किंमत १८५० पडली, डिलिव्हरी अंबाजोगाईत पाच दिवसांत. विकणाऱ्यानं पॅकिंग चांगलं केलं होतं, पावती आणि वर्षाची वॉरंटी कार्डावर शिक्का मारून आहे. नुसतं घरात लाईट गेल्यावर वापरायचा असंल तर एवढे पैसे घालू नका, पाचशेचा पण चालतो. कॉलेजवाले, शाळेतले शिक्षक, पावसाळ्यात फोटो काढणारी पोरं, ह्यांनी घ्यावा, आणि घ्यायचा तर मे महिन्यातच मागवा, मृगाचा पाऊस डिलिव्हरीसाठी थांबत नाही.

कंपनीवाले हे वाचत असतील तर एकच विनंती, पुढच्या मॉडेलमध्ये टॉर्च ५ लुमेनवर सुरू होऊ द्या, ज्याला जास्त पाहिजे तो बटण दाबून वाढवून घेईल. एवढं केलं की मी पाचवा स्टार देते.